सगळ्यात वरच्या कठड्याशी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात मी उभ्याचं तिकीट काढलं होतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर, शेवटच्या खुर्च्यांच्याही मागे एक कठडा आहे. त्याला रेलून ‘आयडा’ बघायची. रंगमंच तिथून तळहाताएवढा दिसतो. सुमारे ३,८०० खुर्च्यांचं हे थिएटर, आणि गायकांना मायक्रोफोन नाही. हे मी वाचून गेलो होतो, पण खाली पाहिल्यावर काही विश्वास बसेना.

खेळ सुरू व्हायच्या वेळी सभागृहातली झुंबरं हळूहळू छताकडे चढू लागली. ऑस्ट्रियाने भेट दिलेली ही काचेची नक्षत्रं, वरच्या मजल्यांवरून रंगमंच झाकला जाऊ नये म्हणून वर ओढून घेतात. आमच्यासारख्या स्वस्त तिकीटवाल्यांची एवढी काळजी! मला भरून आलं.

तिसऱ्या अंकात नाईलकाठी रात्र आहे. इथिओपियाची राजकन्या आयडा, इजिप्तमध्ये गुलाम झालेली, मायदेश आठवून गाते. समोर अख्खा वाद्यवृंद, आणि त्यावरून तिचा एक बारीक, जवळजवळ श्वासाएवढा स्वर निघाला तो थेट माझ्या कानाशी येऊन थांबला. बालगंधर्वांचं गाणं ध्वनिवर्धकाशिवाय पिटातल्या शेवटच्या माणसाला कसं पोचत असे, ते आजोबा सांगायचे. त्या रात्री ते मला अंगावर काटा येऊन कळलं.

याच रंगमंचावर, याच भूमिकेत, ३ जानेवारी १९८५ रोजी गायिका लिओन्टाइन प्राइस यांनी ऑपेराचा निरोप घेतला. मी आलो होतो तो त्यांच्या ओढीने.

मिसिसिपीतल्या लॉरेल गावी १९२७ साली त्यांचा जन्म. वडील सॉ मिलमध्ये कामाला, आई सुईण आणि चर्चमध्ये गाणारी. पोरीसाठी पियानो घ्यायचा तर पहिल्या हप्त्यापोटी आईबापांनी घरातला फोनोग्राफ देऊन टाकला. ती शाळेत असताना मॅरियन अँडरसन यांच्या मैफलीला गेली. काळ्यांनी कुठे बसायचं, कुठल्या दारातून आत यायचं हे जिथे कायद्याने ठरलेलं, तिथे त्या मुलीने एका काळ्या गायिकेला एकटीने रंगमंच भरून टाकताना पाहिलं. पुढे न्यूयॉर्कचं जुलियार्ड, मग १९५५ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘तोस्का’. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी ते दाखवायलाच नकार दिला.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. मेट्रोपॉलिटनने बोलावलं, ते आयडाच्या भूमिकेसाठी. एका जाणत्या संगीत-दिग्दर्शकाने सल्ला दिला की मेट्रोपॉलिटनमधलं पहिलं पाऊल गुलाम म्हणून नको, खानदानी स्त्री म्हणून पडू दे. बाई थांबल्या. मधल्या काळात व्हिएन्नात गायल्या, मिलानच्या ला स्कालात गायल्या. आयडा त्यांची फार लाडकी, पण मेट्रोपॉलिटनचं दार तिच्या नावाने उघडायचं नव्हतं. २७ जानेवारी १९६१ ला त्या मेट्रोपॉलिटनमध्ये उभ्या राहिल्या त्या ‘इल त्रोवातोरे’मधली सरदारकन्या लिओनोरा होऊन. अखेरीस टाळ्या अर्ध्या तासाहून अधिक चालल्या. संधी दारात आली असताना तिला नाही म्हणायला केवढी छाती लागत असेल!

आजची ही इमारत १९६६ ची. उद्घाटनासाठी सॅम्युएल बार्बर यांनी नवा ऑपेरा लिहिला आणि क्लिओपात्राचा भाग या बाईंच्याच गळ्यासाठी बांधला. खेळावर टीका फार झाली, अवजड नेपथ्याने घात केला. मला मात्र वेगळंच टोचत राहतं. हे लिंकन सेंटर जिथे उभं आहे तिथे सॅन वॉन हिल नावाची वस्ती होती, काळ्यांची आणि पोर्टो रिकोच्या लोकांची. ती पाडून हजारो कुटुंबं हलवली. त्या जमिनीवरच्या थिएटरची पहिली रात्र एका काळ्या बाईच्या स्वराने उजळली.

मुक्कामी परतल्यावर १९८५ च्या त्या शेवटच्या खेळाचं चित्रण लावलं. नाईलकाठचं गाणं संपतं आणि टाळ्या थांबतच नाहीत. बाई वाकत नाहीत, हात जोडत नाहीत. आयडाच होऊन उभ्या असतात, मान वर. टाळ्या सुरूच राहतात.