वेळेचा भाव

जून २००९ मध्ये अमेरिकेतील झिंगा या कंपनीने फेसबुकवर ‘फार्मव्हिल’ नावाचा शेतीचा खेळ सुरू केला. वर्ष उलटण्याच्या आतच दरमहा आठ कोटींहून अधिक माणसे त्यात नांगरणी-पेरणी करू लागली. ज्यांच्या नावावर सात-बारा नाही, ज्यांच्या हाताला कधी माती लागली नाही, अशांचाच त्यात भरणा होता. लातूरच्या एका भुसार आडतीवर बसणारा बावीस वर्षांचा तरुण त्यांपैकीच एक. पेढीवर हिशेबासाठी संगणक आलेला होता आणि दुपारी सौदे आटोपले की तासभर निवांत मिळत असे. एवढे निमित्त त्याला पुरले.

त्याच्या घराण्यात सोयाबीनची आडत दोन पिढ्यांची. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास बाजार समितीत येते, मधले शंभर दिवस शेतकऱ्याच्या जिवाला घोर असतो, हे त्याने लहानपणापासून ऐकले होते. पडद्यावरचे सोयाबीन मात्र एका दिवसात तयार होई. तिथे पाऊस लांबत नसे, अळी पडत नसे. नांगर फिरला तरी एकाही जीवाला इजा होत नाही, म्हणून आजीचीही हरकत नव्हती. एकदा त्याच्या शेतात बटाट्याचा वाफा दिसला तेव्हा मात्र ती म्हणाली, “अरे, खायचे नाहीत तर लावायचे तरी कशाला?” दुसऱ्या दिवशी तो वाफा मोडला गेला.

खेळातील प्रतिष्ठा पातळीवर ठरत असे. पातळी वाढली की नवे बियाणे, नवी झाडे, नव्या इमारती खुल्या होत; आणि ती वाढे अनुभवाच्या गुणांनी. आडत्याच्या मुलाने मग जे करायचे तेच केले. जुन्या वहीच्या मागल्या पानावर त्याने पडतळ मांडली. एक वाफा नांगरण्यास पंधरा नाणी आणि त्याबद्दल एक गुण. स्ट्रॉबेरीचे बी दहा नाण्यांचे, पीक चार तासांत, विक्री पस्तीस, गुण एक. सोयाबीनचे बी पंधराचे, पीक चोवीस तासांत, विक्री त्रेसष्ट, गुण दोन. म्हणजे एका फेऱ्यात स्ट्रॉबेरी दहा नाण्यांचा नफा देई, तर सोयाबीन तेहतीस नाण्यांचा. पण स्ट्रॉबेरीचे दिवसाला सहा फेरे होतात. सहा फेऱ्यांचा नफा साठ नाणी आणि गुण बारा. सोयाबीनचे गुण अवघे तीन. शिवाय शंभर नाण्यांना वाळल्या गवताचा एक गठ्ठा मिळे आणि त्याच्या खरेदीवर पाच गुण पदरात पडत. नफा गवतात गुंतवावा, गुण घ्यावेत आणि पुढे सरकावे, असा मार्ग त्याला सापडला. थोडे भांडवल जलद फिरवणे हे तर त्याच्या वडिलांचेच सूत्र होते.

तीन आठवड्यांत त्याने सगळ्या मित्रांना मागे टाकले. शेताच्या कडेने गवताच्या गठ्ठ्यांची भिंत उभी राहिली. तिचा उपयोग काही नव्हता; गुण खरेदीच्या क्षणीच मिळून चुकलेले असत. जमीन वाढवायची तर शेजारी पुरेसे हवेत, नाही तर खरे पैसे मोजून घेतलेले खेळातले चलन हवे. पैसे मोजणे त्याच्या स्वभावात नव्हते. म्हणून त्याने अनोळखी माणसांना शेजारी करून घेतले. त्यांच्या शेतात खत टाकले की त्याचेही थोडे गुण मिळत. रात्री दहाला पेरलेली स्ट्रॉबेरी दोन वाजता पिके आणि वेळेवर कापली नाही तर कोमेजून जाई. तेव्हा उशाशी गजर आला.

पेढीवरच्या वृद्ध दिवाणजींच्या हाती एके दिवशी ते मागले पान पडले. त्यांनी चष्मा सावरून ते खालपर्यंत वाचले, बेरजा बरोबर असल्याची मान डोलावली आणि विचारले, “छोटे शेठ, यात हमाली कुठे धरली आहे?”

तो गोंधळला. दिवाणजींनी समजावले. मालाच्या किमतीत हमाली, तोलाई आणि वाहतूक न धरता नफा काढणारा व्यापारी वर्षअखेरीस कोड्यात पडतो. सहा फेऱ्यांपैकी किमान एक फेरा मध्यरात्रीचा आहे. त्या जागरणाला काही भाव असेल तर स्ट्रॉबेरी महाग पडते आणि सोयाबीन स्वस्त. भाव शून्य असेल तर हिशेब अगदी बरोबर आहे. एवढे बोलून ते आपल्या रोजमेळाकडे वळले.

त्या बोलण्याने गजर लगेच बंद झाला असे नाही. तो बंद झाला तो पुढच्या पंधरवड्यात, निराळ्याच कारणाने. त्याची ताई हुबळीला दिलेली. तीही हा खेळ खेळे, पण तिला पातळीची घाई नव्हती. ती सूर्यफुले लावी, रोज सकाळी भावाला एखादे झाड भेट पाठवी. भावाच्या हिशेबात तिचे शेत म्हणजे खत टाकण्याच्या पंचवीस ठिकाणांपैकी एक. एका रात्री फेरी मारताना त्याला तिथे सगळे वाफे कोमेजलेले दिसले. कोमेजलेल्या पिकावर खत पडत नाही, गुणही मिळत नाहीत. नियमाप्रमाणे पुढच्या शेताकडे जायचे. पण भेटही चार दिवसांत आलेली नव्हती, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आले. सकाळ होताच त्याने फोन लावला. ताई तापाने अंथरुणावर होती, मूल लहान, भाऊजी खरेदीसाठी बाहेरगावी. आईला घोर नको म्हणून तिने माहेरी काहीच कळवले नव्हते. दुपारच्या गाडीने आई आणि तो हुबळीला निघाले.

त्यानंतर त्याने सोयाबीनच लावले. दिवसाकाठी एक पेरणी, एक कापणी; तीही रात्री नऊला, दुकान वाढवून घरी आल्यावर. तीच वेळ ताईनेही धरली. कापणी पाच मिनिटांची असे, फोनवरचे बोलणे अर्ध्या तासाचे. पातळी गोगलगाईच्या चालीने वाढू लागली आणि मागे पडलेले मित्र एकेक करून पुढे गेले.

या खेळाकडे पेढीच्या नजरेने पाहिले तर एक प्रश्न उरतो. प्रवेश फुकट असताना दुकान चालत होते कशावर? काही खेळाडू रोख पैसे मोजत, हे खरे. पण ते मोजावेत यासाठी बाकीच्यांचे तास आणि ओळखी तिथे जमा होणे आवश्यक होते. पीक कोमेजण्याची भीती माणसाला ठरल्या वेळी परत आणी. शेजाऱ्यांची अट त्याच्याकडून नवे गिऱ्हाईक आणवी. या भांडवलावर कंपनी इतकी मोठी झाली की डिसेंबर २०११ मध्ये तिने दहा डॉलर दराने आपले समभाग अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात आणले. खेळाडूच्या वहीत ज्या वेळेचा भाव शून्य होता, त्याच वेळेची दुसऱ्या वहीत रोकड झाली होती.

३१ डिसेंबर २०२० रोजी मूळ फार्मव्हिल कायमचा बंद झाला. तो ज्या फ्लॅश तंत्रावर चाले, त्याचाच आधार त्या दिवशी संपला. भरभर वाढवलेल्या पातळ्या आणि सावकाश वाढवलेल्या पातळ्या एकाच रात्री सारख्या झाल्या. लातूर आणि हुबळी यांच्यामधला रात्री नऊचा फोन मात्र चालू राहिला. बोलायला आता पिकाचे निमित्त लागत नव्हते. दिवाळीला नवी वही पुजताना जुन्या वहीतील येणे-देणे पुढे ओढले जाते. कोणत्याही उद्योगात धावण्यापूर्वी व्यापाऱ्याने स्वतःला विचारावे, की यातले पुढे ओढण्याजोगे काय आहे, आणि त्यासाठी घातलेला वेळ आपण कोणत्या भावाने धरला आहे.