दोऱ्याच्या गाठी

विद्यांचे मला नेहमी दोन वर्ग दिसतात. काही विद्या डोक्यात राहतात, काही हातात. व्याकरण, इतिहास, कायदा या पहिल्या वर्गातल्या. मडके घडवणे, सतारीवर मींड काढणे, न्हाव्याचा वस्तरा चालवणे या दुसऱ्या. डोक्यातली विद्या वयाबरोबर विसरते. पण जोवर असते तोवर ती दुसऱ्याला सांगता तरी येते. हातातल्या विद्येचे उलटे आहे. ती सहसा विसरत नाही, मात्र सांगायला बसलो की शब्द सापडत नाहीत. कुंभाराला विचारा, माती किती ओली हवी? तो म्हणेल, "हाताला कळते." एवढेच!

शस्त्रक्रियेची विद्या या दोन वर्गांच्या शिवेवर बसलेली आहे. नस कुठून जाते, रक्तवाहिनीला फाटा कुठे फुटतो, हे ग्रंथात असते. पण चिमट्यात धरलेला पेशीजाल किती ओढला म्हणजे ताणेल आणि किती ओढला म्हणजे फाटेल, हे कोणत्याच ग्रंथात नाही. म्हणून तर १८८९ च्या सुमारास अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हॅल्स्टेडने शिकाऊ शल्यवैद्यांना रुग्णालयातच राहायला लावले. आपण आज 'निवासी डॉक्टर' म्हणतो तो शब्द त्या राहण्यावरून आला. वर्षानुवर्षे गुरूच्या समोर उभे राहायचे, आधी पाहायचे, मग धरायचे, मग कापायचे.

यातले 'पाहायचे' हे प्रकरण ऐकायला सोपे वाटते. माझ्या पहिल्या वर्षी मी तिसऱ्या रांगेत उभा असे. त्या वर्षात मी शस्त्रक्रिया किती पाहिल्या ते सांगता येणार नाही, पण आमच्या सरांची मान मात्र पुरेपूर पाहिली. त्या मानेवरची तीळ अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. जखमेत काय चालले आहे ते पुढचा माणूस जरा वाकला तर दिसायचे, आणि नेमका तो वाकायचा नाही.

मी हे सारे सांगतो आहे, कारण मार्च २०२० मध्ये ही तिसरी रांगही संपली. २५ मार्चपासून देश बंद झाला. रुग्णालयांचे वॉर्ड कोविडसाठी रिकामे करण्यात आले. हर्निया, पित्ताशयातले खडे, गळ्याची गाठ, ज्यांना 'थांबता येईल' असे वाटले ते सारे रोगी घरी पाठवले गेले. निरनिराळ्या देशांतल्या शल्यवैद्यांनी एकत्र येऊन त्या वर्षी अंदाज बांधला की, साथीच्या ऐन भराच्या १२ आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख पूर्वनियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील. तातडीच्या होत होत्या. पण संसर्गाच्या भीतीने कमीत कमी माणसे आत जात, आणि लवकर आटपावे म्हणून ज्येष्ठांचेच हात चालत. शिकाऊ मंडळी पीपीई किट घालून प्राणवायूच्या नळ्या आणि रोग्यांचे आकडे सांभाळत होती.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. ज्येष्ठांनी घरी बसावे, असा हुकूम. तेव्हा जुन्या विभागाने विचारले, "सर, संध्याकाळी झूमवर वर्ग घ्याल का?" मी हो म्हटले आणि आयुष्यात प्रथमच काळ्या चौकटींना शिकवू लागलो. प्रत्येक चौकटीत एक नाव. मी विनोद केला की शांतता. कोणी हसले की नाही, हे 'म्यूट' नावाच्या गोष्टीमुळे मला कधीच कळले नाही. मध्येच एखाद्याच्या खोलीतून कुकरची शिट्टी ऐकू येई आणि सारा वर्ग जिवंत आहे याची खात्री पटे.

पण खोटे का बोला? त्या पडद्याने पुष्कळ दिलेही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची चित्रफीत लावली की मला जे दिसे तेच तीस जणांना दिसे. कोणाची मान आड येत नव्हती! अंबाजोगाईचा विद्यार्थी आणि मुंबईचा विद्यार्थी एकाच रांगेत बसले होते, आणि ती रांग पहिली होती. चित्र थांबवता येई, मागे नेता येई. "इथे का नाही कापले?" असा प्रश्न भर शस्त्रक्रियेत आमच्या सरांना विचारण्याची छाती आमच्यापैकी कोणाला झाली नसती. इथे मुले बिनदिक्कत विचारीत. महिनाभरात मी या वर्गावर इतका खूष झालो की, जेवताना घरी त्याचेच गोडवे गाऊ लागलो.

आमच्या सौभाग्यवतींनी ते दोनचार दिवस ऐकून घेतले. मग आमटी वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, चाळीस दिवाळ्या तुम्ही समोर बसून माझ्या चकल्या पाहताय. एक तरी पाडून दाखवा न तुटता."

मी आमटीकडे लक्ष दिले.

त्याच आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीचा रात्री अकरा वाजता संदेश आला. सोलापूर जिल्ह्यातली मुलगी. घरात पहिलीच डॉक्टर. वर्गात तिची उत्तरे नेहमी बिनचूक असत. तिने लिहिले होते, "सर, माझ्या नोंदवहीत मार्चनंतर स्वतः केलेल्या शस्त्रक्रियेची एक ओळ नाही. परीक्षा मी पास होईन. पण ऑपरेशन करता येईल का?"

या प्रश्नाला लगेच उत्तर द्यावेसे वाटले नाही. धीराचे दोन शब्द लिहिणे सोपे होते, पण ते खरे ठरतील याची हमी कोण देणार? तिच्या पदवीवर शिक्का बसला असता आणि गावाकडचा कोणी माणूस त्या शिक्क्यावर विश्वास ठेवून तिच्या टेबलावर झोपला असता. त्याला या साथीची सबब सांगून कसे चालेल?

मी कपाटातून सुश्रुतसंहिता काढली. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात हाच प्रश्न आहे. सगळे शास्त्र पढलेला शिष्य झाला, तरी हाताला सराव नसेल तर तो कर्माला लायक नाही, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आणि मग सराव कशावर करावा त्याची यादी दिली आहे. कापण्याचा सराव कोहळ्यावर, दुध्या भोपळ्यावर, कलिंगडावर, काकडीवर. भेदण्याचा, पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. शीर टोचायची ती मेलेल्या जनावराची किंवा कमळाच्या देठाची. शिवण जाड कापडाच्या कडांवर. पट्टी बांधायची तर बाहुल्यावर. वाचता वाचता मला हसू आले. ही तर थेट टाळेबंदीतल्या स्वयंपाकघराची यादी! रोगी समोर नसताना हात कसा तयार करावा, हा पेच आमच्यावरच प्रथम पडला असे आम्ही समजत होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, "आज चेहरे नकोत. फोन उभा करा, कॅमेरा खाली वळवा आणि हात दाखवा. एकेक दोरा घ्या."

काळ्या चौकटी एकामागून एक उजळल्या आणि प्रत्येकीत दोन हात आले. तो देखावा मी विसरणार नाही. त्या हातांची कातडी सोलवटली होती. तासन्‌तास दोन दोन हातमोज्यांत घामाने भिजून, वरचेवर सॅनिटायझर चोळून, बोटांची टोके पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती. इतके दिवस मी ज्यांना पित्तनलिकेवर व्याख्याने देत होतो, त्यांचे हात दिवसभर काय करीत होते हे मला तेव्हा दिसले. दोन मिनिटे मला बोलता आले नाही. मुलांना वाटले, सर म्यूट झाले.

मग गाठी सुरू झाल्या. कोणी नळाला, कोणी खुर्चीच्या हाताला, कोणी कुकरच्या दांड्याला दोरा बांधला. शल्यवैद्याच्या गाठीची गंमत अशी की, पहिला फेरा ज्या दिशेने टाकला त्याच्या उलट दिशेने दुसरा टाकायचा आणि हात प्रत्येक वेळी आडवे न्यायचे. तसे केले तर गाठ चौकोनी बसते आणि धरते. दिशा चुकली तर वरून तशीच दिसते, पण ताण पडला की सरकते. आणि तिच्याखाली रक्तवाहिनी असेल तर पुढचे सांगायला नको. सोलापूरच्या त्या मुलीची तिसरी गाठ सरकती होती. वर्गातली बिनचूक उत्तरे तिथे कामाला आली नाहीत. मी सांगितले, "ओढून बघ." गाठ निसटली. तिने पुन्हा बांधली. त्या रात्री तिने दीडशे गाठी मारून दोऱ्याचे छायाचित्र पाठवले.

पुढे पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून, आत फोन बसवून, मुलांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावपेट्या केल्या. केळीची साल शिवली, संत्रे न दुखावता सोलले. सुश्रुतांनी पाहिले असते तर यादीत भर घातली असती.

जानेवारी २०२१ मध्ये जरा उसंत मिळाली आणि नेहमीच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. तिच्या वाट्याला एक म्हातारा शेतकरी आला. मार्चमध्ये परत पाठवलेला हर्निया. दहा महिने तो पट्टा आवळून शेतात राबला होता. टेबलावर घेण्यापूर्वी त्याने तिला विचारले, "डॉक्टरीणबाई, हे तुम्ही आधी केलंय न्हवं?"

ती म्हणाली, "थोडी केलीत, बाबा. पण समोर मोठे सर उभे आहेत."

म्हातारा क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग करा."

त्या रात्री तिचा फोन आला. सगळे नीट झाले होते. म्हणाली, "सर, गाठी सगळ्या बसल्या. पण जाळी शिवताना दोरा किती ओढायचा, ते दोऱ्यावर कळलं नव्हतं. सरांनी माझा हात धरला, तेव्हा कळलं."

७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को या शल्यवैद्याने न्यूयॉर्कमध्ये बसून, समुद्रापार स्ट्रासबूर्गमधल्या बाईचे पित्ताशय यंत्रमानवाच्या हातांनी काढले. तेव्हा अंतराचा बाऊ मी करणार नाही. उद्या कदाचित दोऱ्याचा ताणही तारेतून पाठवता येईल. पण त्या दिवशीही रोग्याशेजारी डॉक्टर उभे होतेच.

मार्चमध्ये दुसरी लाट आली आणि ती मुलगी पुन्हा कोविडच्या वॉर्डात गेली. साथ ओसरली तरी आमचा वर्ग मोडला नाही. दर गुरुवारी रात्री भरतो. दूरच्या तालुक्यांतली मुले येतात. व्याख्यान अर्धाच तास असते. उरलेल्या वेळात चौकट्यांमध्ये नुसते हात असतात, आणि मी म्हणत असतो, "ओढून बघ."