किल्ल्यावरच्या पाट्या

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर आटोपल्यापासून वसुबारस उजाडेपर्यंतच्या दिवसांत महाराष्ट्रातल्या अंगणांतून आणि चाळींच्या चौकांतून जे मातीचे किल्ले उभे राहतात, ते पाहायला येणारी माणसे मावळ्यांविषयी बोलतात, बुरुजांविषयी बोलतात, सिंहासनावर बसवलेल्या महाराजांच्या मूर्तीविषयी तर आवर्जून बोलतात. परंतु त्याच किल्ल्यावर खराट्याच्या काड्यांना चिकटवून जागोजागी रोवलेल्या बोटभर पाट्यांविषयी सहसा कोणी बोलत नाही. मला त्या पाट्यांचा फार लोभ आहे. दगडविटांच्या राशीवर गोणपाट पसरले, त्यावर लाल मातीचा चिखल थापला आणि उतारावर हळीव पेरले म्हणजे डोंगर तयार होतो खरा, पण तो कोणताही डोंगर असू शकतो. त्याच्या एका सुळक्यावर 'टकमक टोक' ही अक्षरे उभी राहिली की तो रायगड होतो, आणि इतका वेळ नुसते कौतुक करणारा पाहुणा खाली वाकून कड्याची खोली न्याहाळू लागतो.

या पाटीचे साहित्य घरातच मिळते. वहीचा कागद दिवाळीच्या पहाटेच्या दवाने मान टाकतो, म्हणून जुन्या लग्नपत्रिकेची कोरी पाठ उत्तम. ती ताठ राहते आणि तिच्यावर शाई फुटत नाही. सारख्या मापाचे दोन तुकडे कापावे, मध्ये काडी ठेवून खळीने चिकटवावे आणि एखाद्या जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबून ठेवावे. अक्षरांची खरी परीक्षा यापुढे सुरू होते. देवनागरीला पाटीवर तीन मजले लागतात: मधला अक्षरांचा, वरचा वेलांट्या, मात्रा आणि रफारांचा, खालचा उकारांचा. उत्साहाच्या भरात मुले मधलाच मजला काठोकाठ भरतात, आणि मग 'हिरकणी बुरूज' लिहिताना हिरकणीच्या वेलांट्या वरच्या कडेवर आपटतात व बुरुजाच्या 'बु'मधल्या उकाराला खाली जागाच उरत नाही. यासाठी पाटीच्या उंचीचे पेन्सिलीने चार सारखे भाग करून मधले दोन अक्षरांना द्यावे, वरचा आणि खालचा मोकळा ठेवावा, आणि सर्वांत आधी शिरोरेषा ओढून अक्षरे तिला टांगत जावी. ज्या काळातले किल्ले आपण मातीत उभे करतो, त्या काळचा मोडी लिहिणारा कारकूनही कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढूनच मजकुराला हात घालीत असे. तिरप्या कापलेल्या बोरूने उभा दांडा जाड आणि वळण बारीक उतरते. ते सौष्ठव गोल टोकाच्या पेनला साधत नाही. शाई पुरती वाळल्यावर पाटीच्या दोन्ही अंगांवरून मेणबत्ती हलकेच घासावी, म्हणजे हळिवावर पाणी शिंपडताना अक्षरे ओघळत नाहीत.

पाटी कोठे रोवावी, हा प्रश्न मला त्याहून नाजूक वाटतो. दोन इंचांचा मावळा साडेपाच फुटी माणसाच्या जागी उभा आहे असे मानले, तर समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फूट उंचीचा रायगड त्याच प्रमाणात उभारायला अंगणात ऐंशी फूट उंची लागेल; तेव्हा या किल्ल्यात प्रमाणाचा हिशेब मुळातच सोडलेला असतो आणि पाहणारा तो आनंदाने मान्य करतो. पाटी मात्र मावळ्याच्याही प्रमाणातली नाही आणि डोंगराच्याही नाही. ती उभ्याने वाचणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असते, त्यामुळे तिच्यावरचे एकेक अक्षर पहारेकऱ्याच्या ढालीएवढे होते. अशी पाटी ऐन महादरवाजासमोर रोवली तर दरवाजा झाकतो आणि पहारेकरी खुजा दिसतो. ती वाटेच्या कडेला, जरा खालच्या अंगाला, किंचित मागे कललेली असावी: वरून पाहणाऱ्याला वाचता यावी, आणि जो गुडघे टेकून मावळ्याच्या उंचीवरून किल्ला पाहील त्याच्या नजरेआड व्हावी.

आणि लिहिण्यापूर्वी जागा ठाऊक हवी. चिखलात हात घालताना ज्याची कोणी चौकशी करीत नाही, ते पाटी लिहिताना विचारावेच लागते: भवानी टोक पूर्वेला की पश्चिमेला, गंगासागर बालेकिल्ल्याजवळ की जगदीश्वराजवळ, होळीचा माळ आधी लागतो की बाजारपेठ? 'दारूखाना' अशी पाटी हातात घेऊन वाड्याशेजारी जागा शोधणाऱ्या मुलाला आजोबांनी "अरे, ठिणगी उडाली तर?" एवढेच विचारावे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना राहत्या घरांपासून दूर बांधण्याविषयी ताकीद आहे. ती ताकीद पाठ करून जितकी कळणार नाही तितकी ती पाटी दूरच्या टोकाला नेऊन रोवताना कळते. मग त्याच मुलाला अंबरखाना आठवतो, टाकी आठवतात, हवालदार, सबनीस आणि कारखानीस यांच्या घरांसाठी जागा काढावीशी वाटते, आणि केवळ लढाईचे स्थान म्हणून रचलेल्या त्या डोंगरावर धान्य, पाणी आणि दफ्तर यांचा संसार मांडला जातो. या एका कारणासाठी, पाट्या बाजारातून छापील आणू नयेत असे माझे आग्रहाचे मत आहे.

राहता राहिली किल्ला करणाऱ्यांच्या नावांची पाटी. ती असावी, श्रम करणाऱ्याने नाव लिहिण्यात गैर काहीच नाही. १६७४ साली जेथे राज्याभिषेक झाला, त्या रायगडावरच्या इमारती ज्याने उभ्या केल्या त्या हिरोजी इंदुलकराचे नावही दगडात कोरलेले आहे. पण ते महादरवाजावर नाही आणि नगारखान्यावरही नाही. जगदीश्वराच्या देवळाजवळच्या एका पायरीवर आहे, येणाऱ्याजाणाऱ्याची पावले पडावी अशा ठिकाणी. अंगणातल्या किल्ल्यालाही डोंगर चढणारी एक पायवाट असते आणि विटांच्या तुकड्यांच्या तिच्या पायऱ्या असतात. मुलांनी आपली नावे त्यांतल्या सर्वांत खालच्या पायरीवर लिहावी, आणि ज्याने केवळ पाणी आणून दिले त्या धाकट्याचेही नाव गाळू नये.