सफरीच्या वहीतला एक रकाना

मुलगा म्युनिकला नोकरीला आहे. गेली चार वर्षे तो म्हणतोय, "अम्मी, बाबांना घेऊन या." आणि आम्ही काहीतरी कारण काढून टाळतोय. कधी आंब्याचा हंगाम, कधी घराची कौले, कधी माझा गुडघा. यंदा नातीने फोनवर विचारले, "दादी, तू खरी आहेस का फोनमधलीच?" त्यावर मात्र मला कारण सुचले नाही.

सप्टेंबरमध्ये जायचे ठरले. तीन आठवडे मुलाकडे, आणि त्यातले सहा दिवस सगळ्यांनी मिळून इटलीच्या किनाऱ्यावर. ही कल्पना सुनेची. "तुम्ही कोकणातली माणसं, तिकडे येऊन नुसत्या इमारती काय बघणार?" असे ती म्हणाली. मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवले. नियोजन म्हटले की माझा हात वहीकडे जातो. दोनशे पानी वही काढली, रेघा मारल्या, रकाने पाडले.

हे मात्र झोपाळ्यावरून म्हणाले, "तुम्ही सगळी जा. मी म्युनिकला घरी थांबेन. समुद्र पुष्कळ बघून झालाय."

एकतीस वर्षे बोटीवर काढलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचे? खलाशी म्हणून चढले, सारंग होऊन उतरले. मी गप्प बसले आणि वहीत चार मोठ्यांची नावे तशीच लिहिली.

शेजारच्या भाबींनीही टोकले. "एवढ्या पैशात उमरा झाला असता." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. रात्री अंथरुणात स्वतःलाच विचारले, हा इस्राफ तर नाही? हजचा फर्ज आम्ही दोघांनी २०१३ मध्ये अदा केला, अल्हम्दुलिल्लाह. डोक्यावर कर्ज नाही, जकात वेळेवर जाते. जमिनीवर हिंडून अल्लाहची निर्मिती पाहण्याविषयी कुरआनात एकाहून अधिक ठिकाणी सांगितले आहे. उधळपट्टी करायची नाही आणि दिखावा करायचा नाही, एवढी अट घालून घेतली आणि वहीचे पहिले पान उघडले.

पहिला रकाना हवामानाचा. ऑगस्टमध्ये इटलीतले लोक स्वतःच किनाऱ्यावर लोटतात. आपल्या स्वातंत्र्यदिनी, १५ ऑगस्टला, त्यांची फेर्रागोस्तोची मोठी सुटी असते. तेव्हा खोल्या महाग आणि वाळूत पाय ठेवायला जागा नाही. सप्टेंबरच्या मध्यानंतर गर्दी उतरते, भाडी उतरतात, पण समुद्र अजून कोमट असतो, बावीस-तेवीस अंशांच्या आसपास. मग ऑक्टोबर का नको? तर पुढे शरदातला पाऊस येतो. कोमट समुद्रावरून आलेली दमट हवा उभ्या डोंगरांना अडते आणि थोड्या तासांत धो धो कोसळते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी याच किनाऱ्यावरच्या वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या गावांत डोंगरावरून चिखल आणि दगड उतरले, गल्ल्या गाडल्या गेल्या, माणसे गेली. चिपळूण आणि तळीये पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे जास्त समजावून सांगायला नको. म्हणून सप्टेंबरचा शेवटचा आठवडा पक्का केला.

दुसरा रकाना जागेचा. जिनोआ आणि ला स्पेत्सिया या दोन बंदरांमधल्या किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे म्हणून भाग आहे. नावाचा अर्थच पाच गावे असा घेतात: मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला, रिओमाज्जोरे. १९९७ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि त्यावर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दगडांवर दगड रचून, चुना-सिमेंट न वापरता, गडगे घातले आणि द्राक्षांसाठी पायऱ्यापायऱ्यांची शेते केली. पाचही गावे रेल्वेने जोडलेली आहेत. गाडी एका बोगद्यातून निघते, घटकाभर समुद्र दाखवते आणि पुढच्या बोगद्यात शिरते. मुलाने फोनवर त्याची फिल्म दाखवली तेव्हा मी म्हटले, "ही तर आपली कोकण रेल्वे!"

पण माझ्या गुडघ्याचे काय? कोर्निलिया उंचावर आहे, स्टेशनापासून सुमारे ३८० पायऱ्या. बस असते, तरी बाकी गावांतही चढउतार आहेच. म्हणून मुक्काम या पाच गावांत नाही, तर शेजारच्या लेवांतोला. तिथे सपाट जागा आहे, लांबरुंद किनारा आहे आणि मोंतेरोस्सो गाडीने पाच मिनिटांवर. छत्रीखुर्चीचे पैसे घेणारे किनारे वेगळे आणि फुकटचे वेगळे असतात. आम्ही फुकटच्या बाजूला चटई टाकणार.

तिसरा रकाना व्हिसाचा. आमचे जास्त दिवस जर्मनीत जाणार, म्हणून अर्ज जर्मनीच्या व्हिसासाठी. त्याच शेंगेन व्हिसावर इटलीही होते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो, पण इतके ताणू नये. मोठ्या माणसाचे शुल्क ९० युरो. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने हवी आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. यांच्या नावाचे स्पेलिंग पासपोर्टवर एक आणि पेन्शनच्या कागदावर दुसरे निघाले. त्या एका अक्षरापायी दापोलीला तीन फेऱ्या झाल्या. बहिणींनो, कागद आधी शेजारी शेजारी ठेवून बघा.

चौथा रकाना खाण्याचा आणि हा सगळ्यांत मोठा. मांस खायचे नाही, हे सरळ. आम्ही शाफई असल्यामुळे समुद्रातल्या बाबतीत अडचण नाही. तिकडे तिसऱ्या घातलेल्या शेवया मिळतात, म्हाकूल मिळते, ला स्पेत्सियाच्या आखातात शिंपल्यांची शेती होते. पण तिसऱ्या बहुतेकदा पांढऱ्या दारूत शिजवतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी "सेन्झा व्हिनो" म्हणायचे, म्हणजे दारूविना. "सेन्झा मायाले" म्हणजे डुकराच्या मांसाविना. फोकाच्चा नावाचा जाड पाव मूळचा ऑलिव्ह तेलातला, पण कुठे कुठे त्यात "स्त्रुत्तो", म्हणजे डुकराची चरबी असते. तेव्हा विचारूनच घ्यायचा. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात आणि तुळशीच्या जातीच्या पानांची पेस्तो नावाची हिरवी चटणी असते, तिच्यातही ते असते. आम्ही चीज टाळायचे ठरवले. मात्र फारिनाता आहे! चण्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल, तांब्याच्या मोठ्या परातीत घालून भट्टीत भाजलेले. म्हणजे आपले बेसनाचे धिरडेच. नातीला ते आतापासून सांगून ठेवले आहे.

आणखी एक गोष्ट वाचून मला हायसे वाटले. इटलीत १९७५ च्या सरकारी नियमाने घराच्या न्हाणीघरात बिडे, म्हणजे पाण्याने स्वच्छ होण्याची वेगळी सोय, आवश्यक केली आहे. तहारतीसाठी बाटल्या भरून ठेवायची युरोपातली कसरत निदान तिथे तरी कमी होईल.

पाचवा रकाना नमाजचा. वाटेत कसर: जोहर, असर आणि इशा दोन-दोन रकात, मगरिबच्या तीन आणि फजरच्या दोन तशाच. पण लेवांतोला पूर्ण चार दिवसांहून जास्त मुक्काम, त्यामुळे शाफई मसलकाप्रमाणे तिथे नमाज पूर्ण. हे आमच्या इमामसाहेबांना विचारून घेतले. सूर्यास्त त्या दिवसांत सव्वासातच्या सुमारास.

त्याच्यापुढे मी लिहिले, "किबला?" आणि मुलाला विचारायला फोन हातात घेतला.

"आग्नेय," झोपाळ्यावरून आवाज आला. "जरा पूर्वेकडे सरकून."

मला वाटले, हे अंदाजाने बोलले. फोनवर पाहिले तर बरोबर. आमच्या घरात किबला समुद्राच्या बाजूला, पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. लेवांतोला उभे राहिले तर समुद्र उजव्या हाताला येणार.

"तुम्हाला कसं माहीत?"

"जिनोआला हाच होता."

जिनोआ? यांनी मला मार्सेय, नेपल्स, अलेक्झांड्रिया अशी कुठकुठली पत्रे पाठवली. जिनोआचे नाव मी यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

१९८९ चा पावसाळा. सासूबाई आजारी पडल्या आणि आठवड्यात गेल्या. तार मुंबईच्या ऑफिसात गेली, तिथून बोटीच्या एजंटाकडे, आणि यांच्या हातात पडली ती पाचव्या दिवशी, जिनोआच्या धक्क्यावर. दफन कधीच झाले होते. बोट दुसऱ्या संध्याकाळी सुटणार होती आणि बदली माणूस मिळणार नव्हता. त्या रात्री यांनी आणि आणखी दोघांनी, एक बाणकोटचा आणि एक हर्णैचा, मागच्या डेकवर गायबाना नमाजे-जनाजा पढली. सेकंड मेटने नकाशा उघडून दिशा दाखवली. तो मुसलमान नव्हता, पण नमाज होईपर्यंत टोपी काढून बाजूला उभा राहिला. समोर जिनोआचे जुने दीपगृह, लांतेर्ना, त्याचा झोत पाण्यावरून फिरत होता. सोळाव्या शतकातला तो सत्त्याहत्तर मीटरचा मनोरा मी या वहीसाठी वाचून काढला होता. हे त्याच्याखाली उभे होते हे मला माहीतच नव्हते.

"गेटबाहेर गेलो नाही," हे म्हणाले. "त्याच्यानंतर चार वेळा बोट तिथे लागली. एकदाही उतरलो नाही."

वाचकांपासून लपवत नाही, माझ्या मनात यांच्याविषयी एक अढी होती. सासूबाईंना मी गुसल दिले, घर मी सांभाळले, आणि यांचे पत्र आले ते चार ओळींचे. सात महिन्यांनी एसटीतून उतरून हे थेट कब्रस्तानात गेले, मग घरी आले, जेवले, आणि आईच्या शेवटच्या दिवसांविषयी एक शब्दही विचारला नाही. मी समजले, बोटीवरची माणसे कोरडी होतात. इतकी वर्षे तसेच समजत राहिले.

त्या संध्याकाळी यांनी विचारले, "शेवटी काही म्हणाली का?"

मी म्हटले, "कलमा पढली. त्याच्या आधी मला विचारलं, कोंबड्या कोंडल्या का?"

हे हसायला लागले. हसता हसता चष्मा काढला आणि बराच वेळ लुंगीच्या टोकाने पुसत बसले. मी चहा ठेवायला आत गेले.

दोन दिवसांनी वही पाहते तर जागेच्या रकान्यात, लेवांतोच्या खाली, यांच्या अक्षरात लिहिलेले: "जिनोआ, एक रात्र." मी म्हटले, "दुआ तर इथूनही पोचते." म्हणाले, "पोचते. दुआसाठी नाही. गेटबाहेरचं गाव कसं आहे ते बघतो."

मग जिनोआसाठी नवे पान काढले. लेवांतोहून गाडी थेट आहे. जुन्या बंदराजवळ प्रे नावाच्या रस्त्याच्या आसपास उत्तर आफ्रिकेतून आलेल्या लोकांची दुकाने आहेत, तिथे हलाल जेवण मिळेल. वाचताना मला इब्न जुबैर सापडले. अंदलुसचे हे प्रवासी ११८३ मध्ये हजसाठी निघाले ते सेउताहून जिनोआच्याच एका जहाजातून, अलेक्झांड्रियापर्यंत. परततानाही जिनोआचेच जहाज, आणि ते डिसेंबर ११८४ मध्ये सिसिलीच्या मेसिनाजवळ फुटले. जीव वाचला आणि त्यांनी सगळे लिहून ठेवले. हे यांना वाचून दाखवले तर म्हणाले, "मग त्या बंदराला आपली माणसं नवीन नाहीत."

पुढच्या मंगळवारी मुंबईला व्हिसाची अपॉइंटमेंट आहे. मिळेल की नाही ते अल्लाहला ठाऊक. गुडघा साथ देईल की नाही तेही. शेजारच्या भाबींना मी जिनोआची गोष्ट सांगितली. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "माझे अब्बाही बोटीवर होते. कुठे कुठे गेले, आम्ही कधी विचारलंच नाही."

आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांत अशी माणसे झोपाळ्यावर बसली आहेत. त्यांनी सगळे जग पाहिले असे आपण म्हणतो. त्यांनी पाहिले ते धक्के, क्रेन आणि गेट. सफर घडो वा न घडो, नकाशा त्यांच्यासमोर उघडून बसायला पैसे लागत नाहीत.

काल यांनी बरोबर न्यायच्या वस्तूंची यादी मागून घेतली आणि तिच्यात एक भर घातली: "आमसुलं, पाव किलो. तिकडच्या माशांना आंबटपणा कुठून आणणार?" चार मोठ्यांची नावे मी खोडली नव्हती, हे बरे झाले.