विंचवाचें बिऱ्हाड

‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे कोणाच्या कौतुकासाठीं वापरली जात नाहीं. ज्याला ठावठिकाणा नाहीं, ज्याच्या चुलीचे तीन दगड एका जागीं टिकत नाहींत, अशा माणसाला उद्देशून ती योजिली जाते. आम्ही स्वतः तीस वर्षें एकाच महाविद्यालयांत, एकाच घरांत व बहुधा एकाच आरामखुर्चींत काढलीं असल्यामुळें या म्हणीचा रोख आमच्यावर कधींच आला नाहीं, आणि त्याचा आम्हांस थोडासा अभिमानही वाटत असे. आमचे वडील बंधु मात्र निराळ्या पिंडाचे. नोकरीनिमित्त ते तरुणपणींच इंग्लंडांत गेले, लीड्स येथें स्थायिक झाले, आणि तेथें त्यांनीं चार चाकांवरचें एक बिऱ्हाड विकत घेतलें.

हें बिऱ्हाड म्हणजे १९७४ सालीं तयार झालेली एक फोक्सवॅगन गाडी. दादांनीं ती १९९० सालीं जुनीच घेतली. या जातीच्या गाडीचा इतिहास मौजेचा आहे. बेन पॉन नांवाच्या एका डच व्यापाऱ्यानें १९४७ सालीं आपल्या टिपणवहींत तिचा ओबडधोबड आराखडा काढला, आणि १९५० च्या मार्चांत ती कारखान्यांतून बाहेर पडूं लागली. इंजिन अगदीं मागें, चालक अगदीं पुढें, त्यामुळें मधली सारी जागा मोकळी. त्या जागेंत रात्रीं बिछाना होणारें बांक, एक चूल, हात धुण्याचें भांडें व कपाट बसविलें आणि छत उचलून उंच करण्याची सोय केली, कीं झाला संसार.

दर वर्षीं दादांचें पत्र येई : ‘या उन्हाळ्यांत ये. तुझी झोपण्याची सोय वर आहे.’ आणि दर वर्षीं आमचें उत्तर जाई : ‘उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत.’ पुढें पत्राच्या जागीं दूरध्वनि आला. मजकूर तोच राहिला. २००८ च्या सुमारास दादांचे गुडघे दुखूं लागले व गाडी मोटारखान्यांत जाऊन बसली. पुढें दादाही गेले. उत्तरपत्रिका अद्याप संपलेल्या नाहींत.

गेल्या वर्षीं वहिनींचा दूरध्वनि आला. पुतण्या गाडी मोडींत काढावयास निघाला होता, आणि त्याचें म्हणणें अवाजवी नव्हतें. पंधरा वर्षांत तिचें चाक फिरलें नव्हतें. वहिनींनीं तक्रार केली नाहीं. ‘भाऊजी, एकदां तिच्यांतून व्हिटबीच्या समुद्रावर जाऊन यावें, एवढेंच मनांत होतें,’ असें त्या म्हणाल्या व लगेच आमच्या प्रकृतीची चौकशी करूं लागल्या. आम्हीं त्याच आठवड्यांत दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज दिला.

गाडी प्रथमदर्शनीं उत्तम दिसली. रंग शाबूत होता, टायरांवरच्या खांचा खोल होत्या. पुतण्यानें दाराखालच्या पट्टीला पेंचकस टेकविला मात्र, तो पापडांत शिरावा तसा आंत शिरला. रंगाच्या आड गंजानें सारा पत्रा खाल्ला होता. टायरांच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. आमच्या टायरांवर २२०६ असें होतें, म्हणजे ते २००६ च्या बाविसाव्या आठवड्यांतले. खांचा नव्या, परंतु रबर म्हातारें. ब्रेकमधलें तेल हवेंतला ओलावा शोषून घेतें. मग लांब उतारावर तें तापून उकळतें, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात व दाबलेला पाय निमूटपणें तळाला जातो. पेट्रोलच्या रबरी नळ्यांना तडे गेले होते, आणि तेथें २०२१ पासून नेहमींच्या पेट्रोलमध्यें दहा टक्क्यांपर्यंत मद्यार्क असल्यामुळें जुनें रबर अधिकच लवकर खराब होतें. त्यांतून या इंजिनाचें कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें. एकदां पेटलें कीं विझविणें कठीण. वरून सुस्थितींत दिसणारी वस्तु आंतून किती ठिकाणीं प्राणघातक असूं शकते, हें पाहून आम्ही थक्क झालों.

पत्रा एका जाणत्या कारागिराकडून बदलून घेतला. टायर, नळ्या, तेल, चुलीचा गॅस नेणारी नळी, सारें नवें आणलें. इंजिनाच्या झडपांतील अंतर मात्र आम्हीं स्वतः मोजलें. थंड इंजिनांत तें ०.१५ मिलिमीटर असावें लागतें. ‘केसभर’ हा शब्द आम्हीं जन्मभर वापरला, परंतु दोन केसांइतकें अंतर हातानें जुळविण्यास सबंध सकाळ लागते, हें त्या दिवशीं कळलें.

बांकाखालचा कप्पा साफ करितांना दादांची वही सांपडली. प्रत्येक सफरीचे मैल, पेट्रोल व खर्च तींत लिहिला होता, आणि प्रत्येक सफरीच्या आरंभीं झोपण्याची व्यवस्था : ‘खालीं आम्ही दोघें. पुढें चिरंजीव. वर भाऊ (आल्यास).’ सफरी सतरा होत्या. कंसांतला शब्द सतराही ठिकाणीं होता. पुतण्यानें वही वाचली आणि कांहीं न बोलतां आमच्या हातीं दिली.

गाडी तयार झाल्यावर एक प्रश्न उभा राहिला. इंग्लंडांत २०१८ पासून, चाळीस वर्षांहून जुन्या व मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ति नाहीं. ‘काका, आपल्याला परीक्षा माफ आहे,’ पुतण्या म्हणाला. आम्ही म्हणालों, ‘बाळ, ज्या विद्यार्थ्याला परीक्षा माफ असते, त्याच्याविषयींच आम्हांस अधिक काळजी वाटते.’ गाडी तपासणीस नेली. परीक्षकानें अर्ध्या तासांत तिला नापास केलें : मागच्या दोन ब्रेकांचा जोर सारखा नव्हता, व पुढच्या चाकाचा एक सांधा सैल होता. पुतण्या हिरमुसला. आम्हांस मात्र त्या परीक्षकाविषयीं आदर वाटला. दहा दिवसांनीं दुसऱ्या वेळेस गाडी उत्तीर्ण झाली.

लीड्सहून व्हिटबी सुमारें ७० मैल. पिकरिंगच्या पुढें ओसाड माळरान लागतें, आणि समुद्र दिसूं लागल्यावर ब्लू बँक नांवाचा उतार येतो. पांच फुटांस एक फूट असा तो खालीं जातो. ज्यांचे ब्रेक फसतात त्यांच्यासाठीं कडेला निराळी वाट करून ठेविली आहे. पुतण्यानें गाडी खालच्या गियरांत घातली. वहिनींनीं डोळे मिटले. आम्हीं मनांतल्या मनांत तेल, नळ्या व सांधे पुन्हां एकदां मोजले. ब्रेक लागले, गाडी सावकाश खालीं आली.

संध्याकाळीं समुद्राकडे तोंड करून वहिनींनीं त्या लहानशा चुलीवर चहा केला. त्या फार बोलल्या नाहींत. रात्रीं आम्ही शिडीनें वर चढलों व छताखालच्या त्या अरुंद बिछान्यावर आडवे झालों. बिछाना आमच्या उंचीला नेमका पुरला. दादांनीं तो सतरा वेळां आमच्यासाठीं राखला होता.

सकाळीं वहींत अठरावी सफर लिहिली. मैल, पेट्रोल, खर्च आणि झोपण्याची व्यवस्था : ‘खालीं वहिनी. पुढें चिरंजीव. वर भाऊ.’ या वेळीं कंस घातला नाहीं. मागच्या सतरा ठिकाणचा शब्द मात्र आम्हीं खोडला नाहीं. तो खराच होता.