गोदामाच्या भिंतीवरची बाई

मध्यप्रदेशातल्या खैरलांजीला मामींकडे गेलो तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर आली होती. वारासिवनीपासून गावापर्यंत भिंती भरलेल्या: सिमेंटच्या जाहिराती, पक्षांची चिन्हं, स्वच्छतेच्या घोषणा. त्यातच एका सरकारी गोदामाच्या मागच्या बाजूला कोळशानं अन् गेरूनं काढलेली बाई दिसली. डोक्यावर तेंदूपानांचं गाठोडं, मान ताठ, पायात चप्पल नाही. खाली नाव नव्हतं, कसली मागणीही नव्हती.

"कोन्या पोट्ट्यानं भिंत खराब केली जी!" मामी म्हणाल्या. पण पुढे गेल्या नाहीत. बघत राहिल्या. "अन् गाठोडं असं राह्यते का? मागं कलते ना ते!" मामींनी कितीतरी उन्हाळे जंगलात पानं तोडली, 50-50 पानांच्या गड्ड्या बांधल्या. सिमेंटच्या जाहिरातीत चूक काढायला त्या कधी थांबल्या नव्हत्या. या बाईशी मात्र भांडल्या. कला म्हणायला मला आणखी पुरावा नको होता.

आचारसंहिता लागली आणि चुन्याच्या बादल्या आल्या. चिन्हांबरोबर बाईही गेली. मध्यप्रदेशाचा 1994 चा संपत्ती विरूपण निवारण कायदा मालकाची परवानगी विचारतो, चित्र कसं आहे ते विचारत नाही. त्याचं बरोबरच आहे. माझ्या घरावर न विचारता कुणी रंग फासला तर मलाही राग येईल, आणि किल्ल्याच्या दगडावर स्वतःचं नाव कोरणाऱ्याला मी कलावंत म्हणणार नाही. पण परवानगी नव्हती म्हणून ती कलाच नव्हती, हे मला मुळीच पटत नाही.

याच राज्यातल्या पाटनगढचे जनगढसिंह श्याम यांचंच बघा. भोपाळच्या भारत भवनासाठी जगदीश स्वामीनाथन यांनी पाठवलेल्या चमूला 1981 च्या सुमारास त्यांचं काम दिसलं ते घराच्या मातीच्या भिंतीवर. 1989 मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनात पोचली. भिंत घरची होती, हा फरक मोठा आहे. तरी कागद हाती आल्यावरच ते चित्रकार झाले, असं कोण म्हणेल?

बाई काढणारा पोरगा कोण, हे गावात लपलं नव्हतंच. मामींनी त्याला निरोप धाडला: "दिवाळीले आमची भिंत छुईनं पोतली का ये म्हना. पन गाठोडं बराबर काढजो."