भाच्याचा मणका पडद्यावर पाहिला

मुलाच्या हाडांत किती खनिज साठलंय हे सुई न टोचता काही मिनिटांत मोजता येतं! डेक्सा स्कॅन म्हणतात त्याला. आमच्या शेळगावात हाडं ठिसूळ झाल्याचं बोलणं निघतं ते एखाद्या आजीचा खुबा मोडल्यावर. लहान पोराची हाडं कोण कशाला मोजेल? पण माझा भाचा किडनीच्या आजारासाठी बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेतोय, आणि मध्यंतरी त्याची पाठ दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, पुण्याला जाऊन डेक्सा करून घ्या. ताईबरोबर मीही गेलो, आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

बोगद्यात घालणारं मशीन नाही की धडधड आवाज नाही. उघडं, सपाट टेबल. आधी त्याचा करदोरा काढायला लावला, कारण त्यातला चांदीचा मणी मणक्यावर आला तर मोजमाप बिघडतं. मग पोटऱ्यांखाली फोमचा मोठा ठोकळा ठेवून पाय वर घेतले, म्हणजे कमर टेबलाला नीट टेकते आणि मणके सुटे सुटे दिसतात. "आता पुतळा व्हायचं हं," तिथल्या बाई म्हणाल्या. वरचा दांडा सावकाश सरकू लागला आणि पडद्यावर एकेक मणका उमटत गेला. दोन मणक्यांमधल्या फटीत बाईंनी नेमक्या रेघा बसवल्या. "मामा, हा मीच का?" पोरानं पडून पडूनच विचारलं. काय सांगू, जिवंत पोराचा कणा असा समोर बघताना माझ्या अंगावर काटा आला!

यामागची युक्ती तर फारच सुंदर आहे. मशीन दोन वेगळ्या ताकदीचे एक्स-रे सोडतं. मांस आणि हाड त्यांना कमी-जास्त अडवतात. त्या फरकावरून मांसाचा हिस्सा वजा करायचा, उरतं ते हाडातलं खनिज. ताईला किरणांची धास्ती होती, पण यातला डोस छातीच्या साध्या एक्स-रेपेक्षाही सहसा कमीच असतो. शिवाय साध्या एक्स-रेवर हाड विरळ दिसू लागतं तोवर बरंचसं खनिज निघून गेलेलं असतं. डेक्साला ते कितीतरी आधी कळतं.

रिपोर्ट वाचायलाही शिकलो. मोठ्या माणसाची तुलना ऐन तारुण्यातल्या हाडांशी करतात, तो टी-स्कोअर. मुलांना तो लावायचाच नाही, कारण त्यांची हाडं अजून भरताहेत. मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी, मुलीची मुलींशी, तो झेड-स्कोअर. त्यातही उंची बघावी लागते, कारण बुटक्या मुलाचं हाड छोटं असल्यानं उगाच विरळ भासतं. मग आपल्या मुलांची तुलना परदेशी मुलांशी का करायची? हा प्रश्न पुण्यातच सुटलाय! जहांगीर रुग्णालयाच्या हिराबाई कावसजी जहांगीर संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ ते १७ वर्षांच्या निरोगी भारतीय मुलामुलींची मापं घेऊन तक्ते तयार केले. ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

नुसत्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं. मार न लागता मणका दबला असेल, तर आकडा चांगला असूनही मुलाची हाडं ठिसूळ झाली असं समजतात. मणका आतून जाळीदार, त्यामुळे स्टिरॉइडचा फटका त्याला लवकर बसतो, आणि कधी कधी दबलेला मणका दुखतसुद्धा नाही! म्हणून पाठीचा बाजूनं एक्स-रेही काढला. भाच्याचा आकडा जरा कमी आला, पण मणके शाबूत आहेत.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या अभ्यासानं. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आहार आणि रक्तातली जीवनसत्त्वं नोंदवली. मुलं सहा वर्षांची झाल्यावर ६९८ मुलांचं आणि त्यांच्या आईबापांचंही डेक्सा केलं. खेड्यातली, शेतकऱ्यांची पोरं, आपल्यासारखीच! २००६ मध्ये निष्कर्ष आले: गरोदरपणी ज्या आयांच्या जेवणात दूध, डाळी, पालेभाज्या, फळं, मांस-मासे वरचेवर होते, त्यांच्या मुलांच्या अंगात आणि कण्यात खनिज जास्त. आईच्या रक्तात फोलेट हे जीवनसत्त्व जास्त, तर मुलाचा कणाही जास्त घट्ट. आईबापांची हाडं हिशोबात धरूनही हा फरक उरला. म्हणजे पोराच्या कण्याची भरती जन्माआधीच सुरू होते!

आणि आपल्याकडे काय चालतं? पहाटे धार काढायची आणि किटली डेअरीवर पोचवायची. घरात उरतं चहापुरतं. उसाच्या नि दुधाच्या या पट्ट्यात गरोदर सुनेच्या वाट्याला पेलाभर दूध येऊ नये, हे मला आता सहन होत नाही. आयुष्यभराच्या हाडांची बहुतेक शिल्लक विशीच्या आत जमा होते. नंतर ती पुरती भरून काढणं अवघड असतं.

प्रत्येक मुलाला डेक्साची गरज नाही, उगाच पुण्याला धावू नका. पण मूल बरेच महिने स्टिरॉइडवर असेल, किरकोळ पडण्यानं हाड पुन्हा पुन्हा मोडत असेल, चालता-फिरता येत नसेल, किंवा पाठ सतत दुखत असेल, तर "लचक भरली असेल" म्हणून चोळत बसू नका. डॉक्टरांना थेट विचारा, याचा मणका तपासायचा का? आणि उद्या सकाळी किटली भरण्याआधी घरच्या पोरांचं आणि गरोदर सुनेचं दूध बाजूला काढा.